सकाळी आखडणारे खांदे हे म्हातारपण नव्हे

ज्येष्ठांसाठी गावोगावी आरोग्य शिबिरे होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे रक्तदाब आणि साखर तपासून झाली, की खांदे आणि मांड्या दुखतात म्हणणाऱ्या आजींना कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या देऊन परत पाठवले जाते. वर 'या वयात असं चालायचंच' हेही ऐकवले जाते. या वाक्याला माझा ठाम आक्षेप आहे. म्हातारपण पंधरा दिवसांत येत नाही.

पन्नाशीनंतर, आणि विशेषतः सत्तरीच्या आसपास, पॉलिमायल्जिया रुमॅटिका नावाचा दाहाचा आजार होऊ शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त दिसतो. कालपर्यंत घरचे सगळे उरकणाऱ्या बाईचे दोन्ही खांदे, मान, कंबर, मांड्या थोड्याच दिवसांत जखडतात. पहाटे कूस बदलता येत नाही. उठायचे तर पलंगाची कड धरून आधी कुशीवर वळावे लागते. ब्लाउजच्या बाहीत हात जात नाही, अंबाडा घालायला हात डोक्यापर्यंत पोचत नाही. हा ताठरपणा पाऊण तास, कधी दोन-तीन तासही टिकतो. दुपारी मात्र त्याच बाई स्वयंपाकघरात उभ्या दिसतात आणि इथेच घात होतो. 'सकाळी कण्हत होती, आता बघा' असे घरचेच म्हणू लागतात आणि ती माउली बोलायचेच सोडून देते. सकाळी जास्त आणि हालचालीनंतर कमी, हीच तर दाहाची खूण आहे!

हा आजार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमी, असे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. जे शोधलेच जात नाही ते सापडणार कसे? रक्तातून दाहाचा अंदाज देणारी ईएसआर ही तपासणी तालुक्याच्या साध्या लॅबमध्येही होते. जोडीला तशीच सीआरपी तपासणी करावी. हे दोन्ही वाढले म्हणजे हाच आजार, असेही नाही. जंतुसंसर्ग, संधिवात, कर्करोग यांचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. म्हणूनच निदान त्यांच्याकडे, पण शंका घेणे घरच्यांच्या हातात आहे.

दुखण्यापेक्षा ताकद गेल्याची तक्रार असेल, म्हणजे खुर्चीतून उठवत नाही, जिना चढवत नाही, घास गिळताना ठसका लागतो, तर तो प्रत्यक्ष स्नायूंचा दाह असू शकतो. त्यासाठी रक्तातील सीपीके हे स्नायूंचे एन्झाइम तपासावे लागते. पापण्यांवर जांभळट झाक किंवा बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे दिसले तर अजिबात थांबू नये, कारण उतारवयात या त्वचा-स्नायूंच्या आजाराआड कधी कधी कर्करोग असतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही स्नायू दुखू शकतात. चालू औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.

सर्वांत जास्त संताप येतो तो सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचा. दोन दिवसांत गुण येतो, म्हणून गावेच्या गावे त्या घेतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले आढळले आहे. पॉलिमायल्जियावर उपचार स्टेरॉईडचाच असतो. पण तो मोजक्या मात्रेत, साखर, रक्तदाब, हाडे सांभाळत आणि महिनोन्महिने हळूहळू कमी करत द्यावा लागतो. पुडीने आजार झाकला जातो, तपासणीत तो दिसत नाही आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकते.

शिबिरांच्या आयोजकांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे. साखर तपासताना एवढेही विचारा: सकाळी अंग किती वेळ आखडलेले असते आणि हे कधीपासून सुरू झाले? उत्तर खटकले तर संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी द्या. आणि घरच्यांनो, पॉलिमायल्जियाच्या रुग्णाचे डोके नव्याने दुखू लागले, केस विंचरताना टाळू हुळहुळू लागली, चावताना जबडा दुखू लागला किंवा क्षणभर जरी अंधारी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. या आजारासोबत कधी कधी डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांनाही सूज येते आणि तशी ती आली असेल तर उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली