खाते निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे. पण पनवेलच्या छोट्या व्यावसायिकांचे चालू खाते अडचणीचे

पनवेल : खाते निष्क्रिय झाल्याचा मेसेज मोबाईलवर आला की गावात पहिला सवाल एकच, पैसे गेले का? पनवेलकर घाबरतात ते उगाच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा पाच लाखांच्या विम्याच्या रकमेसाठी ठेवीदारांनी कागद गोळा करत किती फेऱ्या मारल्या ते तालुक्याला ठाऊक आहे. पण तो प्रकार वेगळा होता, हा वेगळा. तिथे बँकच बुडाली. इथे बँक चालू असते आणि खाते झोपलेले असते.

रिझर्व्ह बँकेची सुधारित नियमावली १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि ती सहकारी बँकांनाही बंधनकारक आहे. बचत किंवा चालू खात्यात खातेदाराने स्वतः दोन वर्षांहून जास्त काळ काहीच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. बँकेने कापलेले शुल्क किंवा जमा केलेले व्याज हा खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत.

ऐकायला बरे वाटते. घोळ आहे तो त्याआधीच्या दोन वर्षांत.

विमानतळाचा भराव, रस्ते, सिडकोची कामे यांच्या जोरावर तालुक्यातल्या कितीतरी तरुणांनी डंपर घेतले, टँकर लावले, मजूर पुरवले. बिल निघायचे तर फर्म हवी, जीएसटी नंबर हवा, फर्मच्या नावाचे चालू खाते हवे. काम आटोपले, डंपर विकला, खाते मात्र तसेच राहिले. वीटभट्टी बंद केलेल्यांचे आणि भाताची गिरणी मोडलेल्यांचेही हेच. चालू खात्याला व्याज नाही आणि किमान शिल्लक बचत खात्यापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त. खाते कागदोपत्री सक्रिय आहे तोवर दर तिमाहीला दंड आणि त्यावर जीएसटी कापला जातो. दंडामुळे बचत खाते वजा शिलकीत जाऊ नये, हे बंधन २०१५ पासून आहे. पण ते बचत खात्यापुरते. चालू खातेवाल्याला ते कवच नाही.

त्यात फसगत अशी की, त्याच माणसाचे बचत खाते रोज चालू असते. दुधाचे पैसे येतात, फोन-पे होतो, म्हणून तो समजतो आपले बँकेत सगळे ठीक आहे. नियम मात्र माणूस बघत नाही, एकेक खाते स्वतंत्र मोजतो.

आता बंद करण्याचे. निष्क्रिय खाते सरसकट बंद करा असा रिझर्व्ह बँकेचा आदेश नाही. ते त्या त्या बँकेचे धोरण. पंजाब नॅशनल बँकेने २०२४ मध्ये तीन वर्षे व्यवहार नसलेली आणि शिल्लक शून्य असलेली खाती बंद करण्याची नोटीस काढली, मुदत वाढवून ३० जूनपर्यंत नेली. लॉकर किंवा डिमॅटशी जोडलेली, विद्यार्थ्यांची आणि सरकारी विमा-पेन्शन योजनांची खाती त्यातून वगळली होती. म्हणजे ज्यात पैसा आहे त्याच्यावर ही कुऱ्हाड नव्हती. फर्मचे खाते बंद झाले आणि जीएसटी किंवा आयकराच्या नोंदीत तोच नंबर राहिला, तर परतावा अडकतो. लाडकी बहीण, पीएम-किसानचे पैसे तर आधार ज्या खात्याशी जोडलेले असेल तिथेच जातात. ते खाते जुने, विसरलेले निघाले की हप्ता कुठे गेला ते कळत नाही.

सर्वांत जास्त रखडतात भागीदारीची खाती. दोघा भावांनी किंवा मित्रांनी मिळून काम घेतलेले, पुढे बिनसले, किंवा एक जण वारला. खाते सुरू करायचे असो वा बंद करायचे, बँक सगळ्या भागीदारांचे कागद आणि सह्या मागते. चार हजारांसाठी कोण कोणाच्या दारात जाणार? म्हणून ते तसेच पडून राहते. दहा वर्षे उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तिथूनही ती बँकेमार्फत परत मिळते, मात्र चालू खात्यावर व्याज मिळत नाही.

खाते ठेवायचे असेल तर केवायसीचे कागद कोणत्याही शाखेत देता येतात, मूळ शाखाच लागते असे नाही. जून २०२५ पासून गावातल्या बँक मित्रामार्फतही हे करण्याची परवानगी बँकांना आहे. पूर्ण अर्ज दिल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खाते सुरू झाले पाहिजे. मेसेजमधल्या लिंकवर मात्र बोट लावू नये, केवायसीच्या नावाने खाती साफ करणारे टपलेलेच आहेत. खाते नकोच असेल तर उरलेले चेक परत करून अर्ज द्यावा आणि बंद केल्याचे पत्र हातात घेऊनच शाखेतून निघावे. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.