घोकायचे काय आणि वाचायचे काय

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे. त्यांतले काही 'अशा वेळी तू काय म्हणशील?' या जातीचे, काही उताऱ्यावरचे. या दोन्हींच्या सरावाबद्दल सध्या दोन मते जोरात आहेत. पुरोगामी शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, 'थँक यू', 'सॉरी', 'नेव्हर माइंड' घोकून घेणे ही निव्वळ पोपटपंची आहे, मुलाला भाषा समजली पाहिजे. क्लासवाले म्हणतात, समजण्याचे मागाहून बघू. उतारा सोडवण्याची एक पद्धत आहे, ती पाठ करा, गुण कुठे जात नाहीत. माझ्या मते दोघांचीही औषधे खरी आहेत, फक्त रोग्यांची अदलाबदल झाली आहे. प्रतिसादाची वाक्ये घोकायचीच असतात. उताऱ्याला मात्र घोकलेली पद्धत चालत नाही.

आधी तज्ज्ञांचा समाचार घेऊ. यशपाल समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला, पुढे २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि आंधळ्या पाठांतरावर जे कोरडे ओढायचे ते ओढून झाले. तेही योग्यच होते. पण त्यानंतर पाठांतर हा शब्दच वाईट ठरला. प्रशिक्षणवर्गात एखाद्या शिक्षकाने 'मी वाक्ये पाठ करून घेतो' म्हटले की समोरच्यांच्या भुवया वर जातात.

आता महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात उभे राहा. उशिरा आलेला मुलगा चप्पल काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, 'मे आय कम इन, सर?' उच्चार जमेल तसा, पण वाक्य अचूक. त्याला 'मे' हे साहाय्यक क्रियापद आहे हे ठाऊक नसते, प्रश्नात कर्ता क्रियापदानंतर येतो हेही नसते. तरी ते वाक्य तो योग्य जागी, योग्य माणसाला, योग्य वेळी म्हणतो. जून २००० पासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. पण अनेक मुलांच्या तोंडी आपणहून येणारे पूर्ण वाक्य अजूनही हेच. का? तर ते रोज उंबऱ्यावर म्हणावे लागते आणि म्हटल्याशिवाय आत जाता येत नाही. याला पोपटपंची म्हणायचे तर म्हणा. अशी पन्नास वाक्ये मुलाच्या तोंडी बसली तर माझी काहीच हरकत नाही.

यावर तज्ज्ञ विचारतील की समजून घेतल्याशिवाय म्हटलेल्या वाक्याचा उपयोग काय. पण प्रतिसादाच्या वाक्यांत समजून घेण्यासारखे असते तरी किती? 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असे कोणी विचारले तर खिडकी उघडायला तयार असलेल्याने म्हणायचे, 'नॉट ॲट ऑल'. आपला मुलगा आज्ञाधारक, तो म्हणतो 'येस', आणि व्याकरणाच्या हिशेबाने नकार देऊन बसतो. हे तर्काने सुटत नाही. 'माइंड' म्हणजे हरकत, म्हणून हरकत नाही, म्हणून 'नॉट ॲट ऑल', अशी उकल फळ्यावर छान दिसते. प्रत्यक्षात तेवढा वेळ समोरचा माणूस उकाड्यात बसून राहतो का? हा रिवाज आहे, आणि रिवाज सवयीने येतो. पाहुणा निघाला की 'पुन्हा या' म्हणायचे, हे आपल्याला कोणी सिद्धान्त मांडून शिकवले नाही. आई पाठीत हलकेच चिमटा काढायची, 'म्हण की'. बस.

मग सध्याचा सराव वाईट का? घोकंपट्टी आहे म्हणून नव्हे. घोकंपट्टी होतच नाही म्हणून. मुले ही वाक्ये तोंडाने म्हणत नाहीत, पेन्सिलीने गोल रंगवतात. सरावसंचांत भेटणारा नमुना बघा. मैत्रिणीची आजी वारली आहे, तू काय म्हणशील? पर्याय: 'काँग्रॅच्युलेशन्स', 'हॅपी जर्नी', 'आय ॲम सॉरी टू हिअर दॅट', 'वेलकम'. ज्याला इंग्रजीचा गंध नाही तोही दोन पर्याय तिथल्या तिथे उडवतो ('हॅपी जर्नी' वाचून वर्गात खसखस पिकते ती वेगळीच). हा प्रश्न इंग्रजीचा नाही, शहाणपणाचा आहे. चारही पर्याय सभ्य ठेवून बघा: 'आय ॲम सॉरी टू हिअर दॅट', 'आय ॲम सॉरी, आय वोन्ट डू इट अगेन', 'नेव्हर माइंड', 'दॅट्स ऑल राइट'. आता ज्याने पहिले वाक्य कधीतरी कोणाला म्हटले आहे तोच टिकेल, कारण दुःखाचे 'सॉरी' आणि माफीचे 'सॉरी' यांतला फरक यादी वाचून हाती लागत नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. दुपारच्या अधिवेशनात साडेबाराला शिक्षक वर्गात शिरतात आणि साठ गळे सूर लावतात, 'गुड मॉर्निंग, टी-च-र'. हा पाठांतराचाच परिणाम आहे, आणि तज्ज्ञांनी बोट ठेवले ते यावरच. पण यात दोष वाक्य पाठ असण्याचा नाही. वेळेपासून ते सुटे झाल्याचा आहे. वाक्य आणि प्रसंग यांची जोडी मिळूनच पाठ व्हायला हवी. पेन मागायचे तर 'कॅन आय बॉरो युअर पेन?' म्हटल्याशिवाय मिळणार नाही, परत देताना 'थँक यू', घेणाऱ्याने 'यू आर वेलकम'. रोज वर्गात एवढेच चालले तरी मार्चपर्यंत किती प्रसंग होतील, मोजा.

आता क्लासवाले. यांचे शस्त्र अधिक धारदार आहे, कारण ते गुण मिळवून देते. शिकवण अशी: आधी प्रश्न वाचा, उतारा नंतर. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधा, त्या वाक्याखाली रेघ मारा, उत्तर तिथेच आहे. ही युक्ती कशी चालते ते मराठीतच बघू. 'काल सकाळी गुंजव्याने पाणथ्यात तीन लिंबरे फेचली. त्यामुळे त्याची मोठी भुरणी रुसमटली.' गुंजव्याने किती लिंबरे फेचली? तीन. कुठे? पाणथ्यात. भुरणी का रुसमटली? गुंजव्याने लिंबरे फेचली म्हणून. पैकीच्या पैकी गुण. 'का'चेसुद्धा उत्तर आले! फक्त गुंजवा माणूस आहे की बेडूक, एवढे विचारू नका. वर्षभर असे साठ-सत्तर उतारे सोडवलेले मूल आकलनाचा सराव करत नसते, वाचायचे टाळून उत्तर काढण्याचा सराव करत असते. त्यात ते तरबेजही होते.

त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, वेळेचा. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्याच पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न तोंड वासून बसलेले. अशा घाईत उतारा निवांत वाच म्हणणारा पालकांना वेडाच वाटणार. पण हिशेब करून बघा. उतारा असतो शंभरेक शब्दांचा. ज्याचे वाचन वाहते आहे त्याला तो एकदा नीट वाचायला मिनिटभर पुरते, आणि मग त्यावरचे सगळे प्रश्न झपाट्याने उरकतात. युक्तीने वेळ वाचतो तो अडखळत वाचणाऱ्याचा, आणि त्याला अडखळत ठेवण्याचे कामही तीच करते. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस शिकवा की ही युक्ती. जूनपासून कशाला?

शिवाय आकलन हे असे सुटे कौशल्य नाही की उताऱ्यांचा रतीब घातला की वाढत जाईल. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाणकार मुले वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. आपल्याकडेही वेगळे काय होणार? बर्फातल्या माणसाला गाजराचे नाक लावण्याचा उतारा सोलापूरच्या मुलाला जड जाईल आणि आपण म्हणू, याचे इंग्रजी कच्चे. त्याच मुलाला पालखीच्या मुक्कामावर किंवा क्रिकेटच्या शेवटच्या षटकावर तितक्याच अवघड इंग्रजीतला उतारा द्या. म्हणून इंग्रजी उताऱ्याची तयारी अर्धी मराठीत होते: परिसर अभ्यासाच्या तासाला, गोष्टीच्या पुस्तकात, घरातल्या गप्पांत. 'हे वाचून काय होणार, परीक्षेत येत नाही' म्हणून ज्या घरात मराठी गोष्टींची पुस्तके आठवीपर्यंत कपाटात कुलूपबंद असतात, त्या घराने इंग्रजी उताऱ्याच्या गुणांबद्दल तक्रार करू नये.

आणि वाचायला उताराच हवा असेही नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत जो प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. त्यात मुलांपुढे रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे ठेवत. अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, ती किती वाजता पोहोचेल? शिक्षक तसाच एक प्रश्न आधी वर्गासमोर मोठ्याने सोडवायचा, मग मुले आपापला सोडवायची. इथे शब्द शोधून रेघ मारता येत नाही. दोन ओळींतली माहिती जोडावीच लागते. आपल्या घरातही असा मजकूर कमी नाही. रेल्वेचे तिकीट, औषधाचे पाकीट, मोबाइलच्या रिचार्जचा संदेश. 'व्हॅलिडिटी २८ डेज' वाचून पुढचा रिचार्ज कोणत्या तारखेला, हे आजोबांना सांगणारी पाचवीतली नात जे करते तेच आकलन. तिला कोणी गुण देत नाही, हा परीक्षेचा दोष.

'इंग्रजी माध्यमात घातले की हे सगळे आपोआप येते', या समजुतीवर फार शाई दवडत नाही. तिथेही गोलच रंगवले जातात आणि तिथेही प्रश्न आधी वाचायला सांगतात. फक्त फी जास्त असते. परीक्षा चौथीला असावी की पाचवीला, यावर आपण जेवढा वाद घातला त्याच्या चौथाईनेही प्रश्न कसे असावेत यावर घातला नाही.

शेवटची अडचण शिक्षक दबक्या आवाजात सांगतात: आमचेच इंग्रजी यथातथा, आम्ही काय बोलून घेणार? पण ठरावीक वाक्ये घोकण्यात सोय आहे ती हीच. पन्नास वाक्ये शिक्षकालाही पाठ करता येतात, त्यासाठी अस्खलित वक्ता असावे लागत नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांना शिकवणारे मास्तर तरी कुठे विलायतेला जाऊन आले होते? उताऱ्याच्या तासाला तर इंग्रजी बोलण्याचीही गरज नाही. मुलाने उत्तर दिले की मराठीतच विचारावे, 'कशावरून?' आणि तो उताऱ्यात परत जाऊन सांगेपर्यंत थांबावे.