प्लास्टी झाली म्हणजे सुटलो का?

स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ द्या.

आंदर मावळातले आमच्या नात्यातले एक काका. अटॅक आला, योजनेतून प्लास्टी झाली, खिशातून काही गेलं नाही. घरी पेढे वाटले. चार महिने गोळ्या घेतल्या. मग भातलावणी आली. गोळ्या गावात मिळेनात, वडगावला जायचं तर लावणीचा दिवस मोडतो. "आता ठणठणीत आहे" म्हणत काकांनी गोळ्या सोडल्या. महिन्याभरात दुसरा अटॅक. काका वाचले, पण हृदयाचं पंपिंग कमी झालंय. चार पायऱ्या चढले की धाप लागते, पाय सुजतात.

चूक काकांची आहेच. पण एकट्या काकांची नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला. महात्मा फुले योजनेतून प्लास्टी होते. चांगलंच झालं. पण स्टेंट फक्त चोंदलेली जागा उघडतो, आजार जात नाही. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन गोळ्या लागतात. त्यातली एक आणि कोलेस्टेरॉलची गोळी तर बहुतेकांना कायमची. त्या मधेच सोडल्या की स्टेंटच बंद पडू शकतो.

आपल्याकडे नेत्याचा वाढदिवस आला की महाआरोग्य शिबिर. फ्लेक्स, ईसीजी, फोटो. नंतर त्या पेशंटला गोळ्या मिळतात का, हे कोण विचारतं? १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत ना? मग प्लास्टीवाल्याला महिन्याच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच, न चुकता मिळाल्या पाहिजेत. आशाताईंकडे गरोदर बायांची यादी असते, तशी प्लास्टी झालेल्यांचीही करा. मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा.

आणि आपणही सुधारू. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पुडी टपरीवर मिळतेच. प्लास्टीनंतर पुन्हा तंबाखू, मिश्री, बिडी चालू करणारे मी रोज बघतो. बीपी-शुगर तपासायची नाही, ताटात पापड-लोणचं हवंच. मग दोष कुणाला द्यायचा?

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या जाममध्ये अँब्युलन्स कशी अडकते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच दुसरा अटॅक येऊच न देणं आपल्याला जास्त गरजेचं.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. छातीत दडपण, दरदरून घाम, जबडा किंवा हात दुखणं, एकाएकी धाप... ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन लावा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तरी घरात कुणाची प्लास्टी झाली असेल, तर त्यांचा गोळ्यांचा डबा आज उघडून बघा.