मृतांची ठेव, जिवंतांचे व्याज

मृत्यू टळत नसेल तर निदान तो पुढे ढकलावा, ही मनुष्याची इच्छा पुराणकाळाइतकी जुनी आहे. अमेरिकेने तिला विज्ञानाचा पोशाख चढविला आणि यथावकाश तिचा व्यवहारही मांडला. रॉबर्ट एटिंजर या भौतिकशास्त्राच्या अध्यापकाचे यासंबंधीचे पुस्तक १९६४ मध्ये गाजले. मृतदेह अतिशीत अवस्थेत जपून ठेवावा, पुढेमागे विज्ञान त्याला उठवील, असा त्याचा आशय. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा देह असा प्रथम गोठविण्यात आला. तो अद्याप गोठलेलाच आहे. ‘क्रायोनिक्स’ नामक या विद्येने उणे १९६ अंश सेल्सिअसवरून एकही माणूस, किंबहुना एकही सस्तन प्राणी, जिवंत परत आणलेला नाही.

यावर टीका करणारे बहुधा साधनसंपत्तीच्या नासाडीचा मुद्दा पुढे करतात. तो फारसा टिकत नाही. देह द्रवरूप नायट्रोजनच्या मोठ्या निर्वात पात्रांत ठेवतात. त्यांना विजेची गरज नसते, उडून गेलेला नायट्रोजन तेवढा अधूनमधून भरावा लागतो. आणि हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे. जगभरात गोठविलेल्या देहांची संख्याही काही शेकड्यांपलीकडे नाही. अमेरिकन माणूस आपल्या कुत्र्यामांजरांवर जो खर्च करतो, त्यापुढे हा खर्च म्हणजे चिल्लर! खरा प्रश्न शीतपात्राचा नाही, तिजोरीचा आहे.

हे समजण्यासाठी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थचे प्रकरण पाहावे. तेथील दफनभूमीतल्या एका तळघरात असे काही देह ठेवले होते. आरंभी नातलगांनी पैसे दिले, पुढे हात आखडला. ज्या संस्थेने जबाबदारी घेतली होती तिच्याजवळ निधी नव्हता. नायट्रोजन भरणे थांबले आणि देह वितळून कुजले. १९७९ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली व प्रकरण न्यायालयात गेले. मृतांचा खर्च जिवंत माणसे फार काळ उचलीत नाहीत, हा धडा या व्यवसायाने पक्का गिरविला.

तेव्हापासून पैसा आधी वसूल केला जातो. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथील ‘अल्कॉर’ ही संस्था पूर्ण देहासाठी दोन लाख डॉलर वा त्याहून अधिक रक्कम घेते, केवळ मस्तकासाठी ८० हजार. मिशिगनमधील ‘क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट’चा दर २८ हजारांपासून सुरू होतो. बहुतेक सभासद ही रक्कम आयुर्विम्यातून उभी करतात. म्हणजे जो विमा मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी असायचा, तो स्वतःच्या देहाच्या नावे जातो. अल्कॉरमध्ये या रकमेचा मोठा भाग स्वतंत्र न्यासात गुंतवितात आणि त्याच्या उत्पन्नावर देहांची देखभाल चालते. देवळातील नंदादीपासाठी ठेव ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, तिची येथे आठवण होईल. मात्र तो दिवा गाभाऱ्यात येणाऱ्या प्रत्येकासाठी जळतो. शिवाय व्याज काही आकाशातून पडत नाही. कारखान्यात, शेतात, कचेरीत राबणारी जिवंत माणसे ते निर्माण करतात.

श्रीमंतांची मजल याही पुढे गेली आहे. पुनरुज्जीवन झालेच तर हाती पैसा असावा म्हणून काहींनी आपली संपत्ती स्वतःच्याच भावी देहासाठी न्यासात बांधून ठेवली. वारस हयात, आणि मालमत्ता मृताची!

येथे एक अपवाद मनाला चटका लावतो. २०१६ मध्ये लंडनच्या एका चौदा वर्षांच्या कर्करोगग्रस्त मुलीने देह गोठविण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली होती. तिच्या आईच्या बाजूला कौल मिळाला; सुमारे ३७ हजार पौंड आजोळच्या माणसांनी जमविले. तिला कोण दोष देईल? आयुष्य सुरूच न झालेल्या मुलीचा तो आकांत होता. भरपूर जगून, भरपूर कमावून, वर कमाईही सोबत नेऊ पाहणाऱ्या धनिकाला त्या सहानुभूतीत वाटा मागता येणार नाही.

मृताने जिवंतांची संपत्ती किती काळ अडकवावी, हा प्रश्न कायद्याला नवा नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी सतराव्या शतकातच त्याला मर्यादा घातली. अमेरिकेत साउथ डाकोटा राज्याने १९८३ मध्ये ती उठविली, इतर काही राज्ये त्याच वाटेने गेली; तेथे आता खाजगी न्यास अनंत काळ चालू शकतो. असल्या भावी देहांच्या न्यासांना हीच मोकळीक सोयीची ठरते. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १४ वे कलम अजून उभे आहे. हयात व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतर येणाऱ्या वारसाचे अज्ञान वय संपेपर्यंत, एवढाच अवधी ते देते. गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी ते सैल करावे अशी मागणी उद्या येथे झाली, तर कुणाच्या सोयीसाठी ती होत आहे हे आधी पाहावे लागेल.