दिग्दर्शक कोण आणि निवेदक कोण

एखाद्या अद्भुतरम्य कादंबरीवर चित्रपट निघणार म्हटले की त्याचे दिग्दर्शन कोणी करावे यावर तिच्या चाहत्यांमध्ये हमरीतुमरी सुरू होते. असे वाद साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याची विद्यापीठीय प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाला ही प्रथा सोयीची वाटते, परंतु योग्य वाटत नाही. या वादांमागे वाचनाविषयीचा एक सिद्धान्त दडलेला असतो, आणि तो तपासायचा नाही असे ठरवून अभ्यासक एका अर्थी त्याला मान्यताच देत असतात. टोल्कीनच्या ‘द हॉबिट’च्या निमित्ताने २००६ ते २०१० या काळात झालेला वाद या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरील तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. त्यांचा दिग्दर्शक पीटर जॅक्सन याने हिशेबाच्या प्रश्नावरून २००५ मध्ये न्यू लाइन या निर्मितीसंस्थेवर दावा लावला. ‘द हॉबिट’ जॅक्सनकडे दिला जाणार नाही हे नोव्हेंबर २००६ मध्ये उघड झाले, तेव्हा चाहत्यांनी निषेधाची आणि बहिष्काराची भाषा सुरू केली. डिसेंबर २००७ मध्ये तडजोड होऊन जॅक्सन निर्मात्याच्या भूमिकेत परतला. एप्रिल २००८ मध्ये दिग्दर्शक म्हणून गिएर्मो देल तोरोचे नाव जाहीर झाले. निर्मिती लांबत गेल्याने मे २०१० मध्ये देल तोरो बाहेर पडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिग्दर्शन जॅक्सनकडेच आले. दोन चित्रपटांचे पुढे तीन झाले आणि २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत ते प्रदर्शित झाले.

या चार वर्षांत चाहत्यांमध्ये ढोबळमानाने दोन पक्ष पडले. जॅक्सनच्या पाठीराख्यांचे म्हणणे असे की, मध्यभूमीचे दृश्य जग त्याने उभे केले आहे. त्या जगाची सलगता राखायची तर दुसरा दिग्दर्शक चालणार नाही. देल तोरोच्या पाठीराख्यांपुढे ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) होता. बालकाच्या नजरेतून भय आणि अद्भुत एकत्र पाहण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे तोच या बालकथेला न्याय देईल, असा त्यांचा दावा होता. वरवर पाहता पक्ष परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोघांचे गृहीतक एकच आहे: दिग्दर्शकाचे नाव ठरले की कादंबरीचे वाचनही ठरले.

हे गृहीतक चाहत्यांनी शोधून काढलेले नाही. १९५४ साली फ्रान्स्वा त्रुफोने ‘काहिए द्यू सिनेमा’मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखापासून दिग्दर्शक हाच चित्रपटाचा लेखक असतो ही धारणा बळावत गेली. मात्र त्या लेखाचे लक्ष्य काय होते हे सहसा विसरले जाते. साहित्यकृतींची पटकथा करताना मूळ प्रसंगांना ‘समतुल्य’ प्रसंग शोधणाऱ्या ओरांश आणि बोस्त या पटकथाकारांवर त्रुफोने हल्ला चढवला होता. समतुल्यतेच्या नावाखाली मूळ कृतीचा विपर्यास होतो, ही त्याची तक्रार होती. म्हणजे दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाचा हा विचार रूपांतराच्या चिकित्सेतूनच जन्माला आला. त्याच्या लोकप्रिय आवृत्तीतून नेमकी चिकित्सा गळून गेली आणि नाव तेवढे उरले. लेखकाचे नाव हे व्यक्तीपेक्षा संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य असते, असे मिशेल फूकोने १९६९ मध्ये मांडले. येथे ते कार्य दिग्दर्शकाच्या नावाकडे गेले आहे. जॅक्सन हे नाव ‘द हॉबिट’ला एका वर्गात घालते, आणि त्या वर्गाचे नाव आहे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे पूर्वकथन.

प्रश्न असा की १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी त्या वर्गात बसते का? टोल्कीनने ही गोष्ट आधी आपल्या मुलांना सांगितली, मग ती ग्रंथरूप झाली. आणि सांगितलेपणाची ही खूण तिच्या पानापानावर आहे. तिचा निवेदक वाचकाला थेट संबोधतो, हॉबिट म्हणजे काय हे थांबून समजावतो, पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतो. रिव्हेन्डेलमधला सुखाचा मुक्काम तो थोडक्यात आटोपतो आणि तसे का केले हेही सांगतो. ‘आटपाट नगर’ म्हणताच सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात जो करार होतो, तो मराठी वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. संकट कितीही मोठे असो, सांगणारा आपल्याजवळ बसला आहे ही खात्री त्या करारात असते. एकोणीस प्रकरणांच्या या कादंबरीतील भय, विनोद आणि लहानखुरेपणा यांचे प्रमाण याच करारावर उभे आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा निवेदक बव्हंशी इतिहासकाराचा सूर लावतो. दोन्ही कृतींचे जग एक असेल. त्यांची निवेदनाची भूमिका एक नाही.

सलगतेच्या आग्रहाखाली नेमकी हीच भूमिका नाहीशी झाली. मूळ कादंबरीत नेक्रोमॅन्सरचा बंदोबस्त पडद्याआड होतो. गँडाल्फ जातो आणि परत येतो, कारण आपण बिल्बोबरोबर असतो. चित्रपटांनी ही मोकळी जागा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांतील सामग्रीने आणि स्वतः रचलेल्या प्रसंगांनी भरली. कादंबरीत नसलेला लेगोलस आणला गेला, टॉरिएल ही व्यक्तिरेखा नव्याने रचली गेली, आणि लहान मुलांच्या एका पुस्तकाचे जवळपास आठ तासांचे चित्रपट झाले. पाच सैन्यांच्या लढाईचे उदाहरण तर निर्णायक आहे. कादंबरीत ती लढाई काही पानांत आटोपते. ऐन मोक्याला बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि लढाईचा शेवट त्याला मागाहून कळतो. वीरगाथेची ही हेतुपुरस्सर केलेली थट्टा आहे. तिसऱ्या चित्रपटाला आधी कादंबरीचे उपशीर्षक, म्हणजे जाण्याची आणि परत येण्याची गोष्ट सांगणारे शब्द, दिले जाणार होते. २०१४ मध्ये ते काढून लढाईचे नाव देण्यात आले. परतण्याची गोष्ट मागे पडली, युद्ध राहिले.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की देल तोरो राहिला असता तर चित्र वेगळे दिसले असते. परंतु प्रदर्शित चित्रपटांच्या पटकथालेखकांत देल तोरोचेही नाव आहे. शिवाय पूर्वतयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, असे जॅक्सनने पुढे स्वतःच सांगितले. हक्क, कर्ज, वेळापत्रक यांनी घडवलेल्या वस्तूचे सगळे श्रेय वा सगळा दोष एका नावावर टाकणे हा भाबडेपणा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वतः टोल्कीननेच ही कादंबरी मोठ्या कृतीशी जुळवून घेतली नव्हती काय? १९५१ च्या आवृत्तीत त्याने कोड्यांचे प्रकरण बदलले आणि गॉलमच्या अंगठीला नवा अर्थ दिला. मुलांशी बोलण्याचा सूर पुढे त्याला खटकत होता, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. १९५१ मध्ये घटना बदलली, निवेदक बदलला नाही. १९६० मध्ये त्याने संपूर्ण कादंबरी गंभीर सुरात पुन्हा लिहायला घेतली, तेव्हा सुरुवातीच्या प्रकरणांनंतर ते काम सोडून दिले. खुद्द लेखकाने हाती घेऊन टाकून दिलेली वाटच सलगतेच्या नावाने पुन्हा चोखाळली गेली.

हे चाहत्यांना कोणी सांगायला हवे होते? अर्थातच समीक्षेने. परंतु समीक्षेने आपले हत्यार आधीच खाली ठेवले होते. कादंबरी आणि चित्रपट ही भिन्न माध्यमे आहेत, हे जॉर्ज ब्लूस्टोनने १९५७ मध्ये दाखवून दिले. रॉबर्ट स्टॅमने २००० मध्ये आणि लिंडा हचनने २००६ मध्ये मूळ कृतीशी निष्ठा हा निकष अपुरा ठरवला. ही चिकित्सा आवश्यक होती, यात शंका नाही. प्रसंग गाळला, पात्र घातले अशी शिरगणती म्हणजे समीक्षा नव्हे. पण यातून ‘निष्ठेचा प्रश्नच गैरलागू’ असा सोपा निष्कर्ष काढला गेला आणि रूपांतरात काय टिकले, काय हरवले हे विचारण्याची भाषाच उरली नाही. मग निवाडा कोणी करायचा? तिकीटविक्रीने.

निष्ठा घटनांशी नसावी हे खरे. ती निवेदनाच्या भूमिकेशी असू शकते. चित्रपटाला हे शक्य नाही असे म्हणणाऱ्यांनी ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) पाहावा. विल्यम गोल्डमनने १९७३ च्या आपल्या कादंबरीची पटकथा करताना तिची चौकट बदलली. चित्रपटात आजोबा आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवतात, नातू अडवतो, आजोबा थांबतात, पुन्हा वाचू लागतात. तपशील बदलले, पण सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार राहिला. रॉब रायनरचे नाव आधी जाहीर झाले असते तर चाहत्यांनी कौल दिला असता की नाही, हा प्रश्न येथे गौण ठरतो.

आज ‘द हॉबिट’ हाती घेणारे अनेक वाचक चित्रपटांच्या वाटेने तिच्याकडे येतात, आणि तिचा खेळकर निवेदक त्यांना मोठ्या कथेच्या दारातला अडथळा वाटू शकतो. एका लहान कृतीने आपल्या लहानपणासह वाचले जाण्याचा हक्क येथे पणाला लागला आहे. पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीसाठी नावांची यादी समोर येईल तेव्हा समीक्षेने ती हसून बाजूला सारू नये. ही गोष्ट कोण सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे आणि ते सांगणे पडद्यावर कसे येणार आहे, हे तीन प्रश्न तिने त्या यादीपुढे मांडावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही नावाला पाठिंबा देण्याचे कारण नाही.