तुटलेली साखळी
रोज अर्धा तास चालावे, असे डॉक्टरांनी आमच्या थोरल्या बंधूंना सांगितले. पुतण्याने मोबाइलमध्ये ॲप घालून दिले. 41 दिवस अखंड गेले. वहीपूजनाच्या गडबडीत एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला. बंधूंनी चालणेच सोडले. मधुमेह मात्र सुटला नाही.

दोष बंधूंचा नव्हे, ॲपच्या रचनेचा, असे माझे मत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा 84 दिवस अभ्यास केला. सवय अंगवळणी पडण्याचा काळ त्यांच्या गणिताने 18 ते 254 दिवस, म्हणजे माणसागणिक निराळा निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसले. मग सर्वांना एकच साखळी कशासाठी? एक दिवस गल्ला रिकामा राहिला म्हणून कोणता व्यापारी खातेवही फाडतो?

ॲप रचणाऱ्याने आधी विचारावे: दुकान केव्हा वाढवता, सोबतीला कोण असते, गुडघे कसे आहेत? त्यावरून वेळ आणि लक्ष्य ठरावे. खंड पडल्यास दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटे मागावीत. पडद्यावर महिन्याची जमा दिसावी. पुतण्याने आता तसा तक्ता करून दिला आहे. काल बंधू चपला शोधत होते.