विश्लेषण : यंत्र आले, फिल्टर कुठे अडकला? आगाऊ बुकिंग करणाऱ्या ग्राहकाच्या हाती काय उरते?

सौर कृषी पंपासाठी आपल्या वाट्याचे दहा टक्के (अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के) भरायचे, कंपनी निवडायची आणि मग पंप बसवायला माणूस कधी येतो याची वाट पाहायची, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना नवे नाही. तिथे निदान मागे सरकारी योजना असते, विचारायला महावितरणचे कार्यालय असते. आता आगाऊ पैसे भरण्याचे दुसरेच आमंत्रण तरुणांच्या मोबाइलवर येऊ लागले आहे. घरातल्या टेबलावर मावणारा लेझर कटर घ्या, नावाच्या पाट्या, एमडीएफचे रांगोळीचे साचे, लग्नातल्या भेटवस्तू कापा आणि घरबसल्या कमवा, असे ते आमंत्रण. ‘आत्ता बुक केल्यास अर्धी किंमत’ ही ओळ त्यात असतेच. या अर्ध्या किमतीचा उरलेला अर्धा भाग कशात मोजावा लागतो, हे दहा वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणातून नीट समजते.

ग्लोफोर्जचे प्रकरण काय?

अमेरिकेतील सिएटलच्या ग्लोफोर्ज या कंपनीने सप्टेंबर २०१५मध्ये घरगुती लेझर कटरची आगाऊ विक्री सुरू केली. तीस दिवसांत सुमारे २ कोटी ७९ लाख डॉलरच्या ऑर्डर आल्या. यंत्र अजून बाजारात नव्हते. होते ते नमुने आणि देखणे व्हिडीओ. तारखा पुढे गेल्या, पुन्हा गेल्या. २०१६ उलटले आणि बहुतेक ग्राहकांच्या हाती यंत्र पडायला २०१७-१८ उजाडले. धूर घरातच शुद्ध करणारा एअर फिल्टर वेगळे पैसे घेऊन विकला होता. तो यंत्राच्याही मागे राहिला. त्यामुळे खोके घरी आले, पण फिल्टरच्या भरवशावर खिडकी नसलेल्या खोलीची योजना केलेल्यांना ते उघडूनही उपयोग नव्हता.

ही फसवणूक होती का?

नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे २०१६मध्ये २५१ रुपयांच्या ‘फ्रीडम २५१’ फोनसाठी झुंबड उडाली, तेव्हा किंमत पाहूनच शंका यायला हवी होती. ग्लोफोर्जने यंत्र खरोखर बनवले, ते चालते, आणि पाठवण्याआधी ऑर्डर रद्द करणाऱ्याला पैसे परत देण्याची सोयही ठेवली होती. चूक झाली ती अंदाजात. एक नमुना टेबलावर चालवून दाखवणे आणि तसेच हजारो नग कारखान्यातून काढणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. काचेची लेझर नळी, आरसे, कॅमेरा, थंड ठेवणारे पाणी, यातले काहीही प्रवासात जरासे हलले तरी कट वाकडा येतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टची मोटर एकदा फिरली, त्याचा आम्ही व्हिडीओ काढून ठेवला. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती फिरली नाही. व्हिडीओ पाहून पैसे भरणाऱ्याला पहिली गोष्ट दिसते, दुसरी नाही.

फिल्टर नसला तर बिघडते काय?

लेझर कापतो म्हणजे जाळतो. एमडीएफमध्ये लाकडाचा भुसा जोडणारा डिंक असतो, तो जळताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. अॅक्रिलिकची वाफ डोके धरायला लावते. सगळ्यात वाईट पीव्हीसी. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो फुप्फुसालाही खातो आणि यंत्राच्या लोखंडालाही. बॅनरच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड बहुतेकदा पीव्हीसीचाच असतो, हे नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला कोणी सांगत नाही. तो लेझरखाली घालायचाच नाही, फिल्टर असो वा नसो.

बाकीच्या धुरासाठी दोन वाटा आहेत. एक, पाइप लावून धूर खिडकीबाहेर सोडणे. परभणीतल्या जुन्या वस्तीत खिडकीबाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात. दुसरी वाट फिल्टरची. त्यातली बारीक जाळी कण अडवते, सक्रिय कोळसा वायू शोषतो. कोळसा भरला की काडतूस बदलावे लागते, आणि एमडीएफ ते फार लवकर भरते. म्हणजे स्वस्तातला एमडीएफ वापरून साचे विकणाऱ्याचा नफा फिल्टरच्या काडतुसात जाऊ शकतो. बुकिंगच्या पानावर यंत्राची किंमत मोठ्या अक्षरात असते, काडतुसाची शोधावी लागते.

परभणीच्या उन्हाळ्यात आणखी एक पेच आहे. ग्लोफोर्जच्या साध्या मॉडेलसाठी खोलीचे तापमान साधारण २४ अंशांपर्यंत, तर प्रो मॉडेलसाठी २७ अंशांपर्यंत असावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणजे एसी आलाच. पण पाइपने धूर बाहेर फेकताना पंखा एसीची थंड हवाही बाहेर फेकतो आणि दारा-फटींतून तेवढीच गरम हवा आत ओढतो. फिल्टर ती हवा खोलीतच फिरवतो. अमेरिकेतल्या गॅरेजवाल्याला फिल्टर सोयीचा वाटत असेल, इथे त्याच्याविना उन्हाळाभर धंदा बंद. शिवाय हे यंत्र इंटरनेटशिवाय कापत नाही, ते वेगळेच.

कायद्याने आपण ग्राहक असतो का?

इथे बहुतेकांची गल्लत होते. किकस्टार्टरसारख्या क्राउडफंडिंग मंचाने ‘आम्ही दुकान नाही’ असे २०१२मध्येच जाहीर केले आहे. तिथे पैसे देणारा प्रकल्पाला हातभार लावत असतो, वस्तू मिळण्याची हमी तो मंच देत नाही. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंमत मोजून केलेली ऑर्डर मात्र खरेदी ठरते.

‘धंद्यासाठी घेतले म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे उत्तर विक्रेत्याकडून येऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळतो हे खरे. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. घरात स्वतः यंत्र चालवणारी गंगाखेडची ताई किंवा सेलूचा पोरगा ग्राहकच आहे. चार कामगार ठेवून कारखाना चालवणाऱ्याला हा मुद्दा सिद्ध करणे अवघड जाईल.

तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे परभणीतच. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करावी. २०२०चे ई-कॉमर्स नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहेत. ज्या कंपनीचा भारतात ना पत्ता ना माणूस, तिच्याकडून आदेशाप्रमाणे पैसे वसूल करणे मात्र कठीण.

मुदतीकडे लक्ष ठेवावे लागते ते यासाठी. आयोगात जायला तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याची मुदत तर अनेकदा काही महिन्यांचीच असते. कंपनी दर तिमाहीला गोड मेल पाठवून तारीख पुढे ढकलत राहिली, की बँकेचे दार तेवढ्यात बंद होते. पहिली तारीख चुकली त्याच आठवड्यात बँकेला लेखी विचारून ठेवलेले बरे.

बुक करायचेच असेल तर ऑर्डरच्या पानाचा, तारखेसह, त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा. तारखा बदलल्या की जुने पान गायब होते. यंत्र आणि फिल्टर यांची पोहोचण्याची तारीख बिलावर वेगवेगळी लिहून मागा, आणि फिल्टर न आल्यास यंत्रही परत घेणार का, हे ईमेलवर विचारा. फोनवरचे ‘हो’ धरू नका.